ब्लॉगचं बारसं

त्या दिवशी केडगावच्या बाजारात भार्गवीबाई गंधे भाजीवाल्यासमोर किती वेळ बोलत उभ्या राहिल्या, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. विषय तरी काय, तर गच्चीवरच्या टाकीचा गळका कॉक. प्लंबर येतो येतो म्हणत दोन दिवस आला नाही, आणि शेवटी आला तो नेमका नवा कॉक घरी विसरून आला. मग त्यानं जुन्यालाच सुतळी गुंडाळली आणि वर म्हणाला, बाई, ही सुतळी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल. इथं भार्गवीबाई स्वतःच हसल्या. भाजीवाल्या मच्छिंद्रनं मेथीची जुडी पिशवीत टाकली, पैसे घेतले, दोनदा "व्हय का" म्हणून झालं, आणि मग बिचारा अगदी सांभाळून म्हणाला, "मावशी, मागं गिऱ्हाईक खोळंबलंय."

भार्गवीबाईंनी मागं पाहिलं. चार माणसं पिशव्या घेऊन उभी होती आणि त्यांच्याकडं बघत होती. कुणी वाईट तोंड केलं नव्हतं, उलट एका बाईच्या चेहऱ्यावर चक्क कीव होती. ती कीव घेऊन त्या घरी आल्या. मेथी ओट्यावर टाकली आणि तशाच खुर्चीत बसून राहिल्या. कॉकची गोष्ट दोन दिवसांपासून त्यांच्याजवळ तयार होती. कुठं थांबायचं, कुठं प्लंबरचा आवाज काढायचा, सगळं मनात बसवून झालं होतं. सांगायला माणूस मिळाला तो भाजीवाला, आणि तोही उभ्या उभ्या.

बोलक्या माणसाला एकटेपण जड जातं. घुम्या माणसाचं तसं नसतं, तो दुकटा असतानाही एकटाच असतो. भार्गवीबाईंची गोष्ट निराळी. त्या नगरच्या कोर्टात लघुलेखक होत्या. तीस-बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे जबाब टंकले. बांधावरची भांडणं, नवरा-बायकोचे तंटे, विहिरीवरून झालेल्या मारामाऱ्या, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. तिथं स्वतःचा एक शब्द घालायची सोय नव्हती. त्यामुळं दिवसभराचं तोंडात साठलेलं संध्याकाळी घरी मोकळं व्हायचं. केदारराव पाटबंधारे खात्यातून येत, पेपर उघडत, आणि भार्गवीबाई कणीक मळता मळता सुरू होत. पेपराच्या मागून मधूनमधून आवाज येई, "हं."

हा 'हं' गंध्यांच्या घराण्याचाच. सासरे नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याला असत, तेही असंच करत. लग्न होऊन आल्यावर नव्या नवरीला वाटलं होतं, आपलं बोलणं या घरात कुणाला आवडत नाही. तिनं नणंदेकडं, लीनाताईंकडं, तक्रार केली. लीनाताई म्हणाल्या, "अगं, आमच्याकडं 'हं' म्हणजे सगळं पोचलं. नाही आलं 'हं', तर समज की ऐकणारा झोपला." आणि खरंच, महिनाभरापूर्वीची गोष्ट केदाररावांना तपशिलासकट आठवत असे. कोणत्या वकिलाचा डबा कोणत्या मांजरानं खाल्ला, हेसुद्धा.

तीन वर्षांपूर्वी केदारराव गेले. लोक म्हणत, घर खायला उठतं. भार्गवीबाईंना वाटे, खायला उठलं असतं तरी चाललं असतं, निदान काही आवाज तरी झाला असता.

ब्लॉगची कल्पना त्यांना रविवारच्या पुरवणीतून मिळाली. कुणीही लिहू शकतं, कशावरही लिहू शकतं, पैसे पडत नाहीत, असं त्यात होतं. डायरीचा विचार त्यांनी आधी करून सोडून दिला होता. डायरी म्हणजे आपणच बोलायचं आणि आपणच ऐकायचं, आणि तेवढं तर त्या रोज करतच होत्या. ब्लॉगावर निदान पलीकडं कुणी असण्याची शक्यता होती. टंकायला त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. केदाररावांचा लॅपटॉप कपाटात होता. तो काढला, पुसला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला.

आधी एका कोऱ्या पानावर पहिलं वाक्य झरझर उमटलं: 'मी, भार्गवी केदार गंधे, वय ६१ वर्षे, धंदा घरकाम, राहणार केडगाव, विचारल्यावरून सत्य प्रतिज्ञेवर सांगते की'. बोटं थांबली तेव्हा त्यांनी ते वाचलं आणि मोठ्यानं हसल्या. जन्मभराची सवय. पण दुसऱ्यांदा वाचताना त्या 'विचारल्यावरून' या शब्दाशी अडल्या. विचारलं होतं कुणी? सगळं पुसून टाकलं.

आणि ब्लॉगावर लिहिण्याच्या आधी नाव पाहिजेच होतं. ब्लॉगला नाव दिल्याशिवाय ते यंत्र पुढचं पानच उघडेना. भार्गवीबाईंनी 'मनातलं' टाकलं. हा पत्ता उपलब्ध नाही. 'सहज सुचलं' टाकलं, उपलब्ध नाही. 'सांजवेळ', 'कवडसा', 'अंगण' (अंगण कुठलं, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट), 'गप्पा', 'ओसरी'. सगळी नावं कुणी ना कुणी आधीच घेऊन बसलेलं. यष्टीत चढावं आणि प्रत्येक सीटवर कुणाचा तरी रुमाल टाकलेला असावा, तसं झालं. त्यातल्या काही ब्लॉगांवर त्यांनी डोकावून पाहिलं. 'सांजवेळ'वर दहा वर्षांपूर्वी कुणा बाईनं एक कविता टाकली होती आणि नंतर तिनं तिकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. भार्गवीबाईंना रागच आला. राहायचं नव्हतं तर जागा अडवली कशाला?

दोन-तीन दिवस असेच गेले. नाव मिळेना आणि नावावाचून शब्द पुढं सरकेना. शेवटी त्या भांडी लावता लावता, केर काढता काढता नावं पुटपुटू लागल्या. भांडी घासायला येणारी चांगुणा एक दिवस हातातली कढई खाली ठेवून म्हणाली, "बाई, कुनाचं बारसं काढलंय? सकाळधरनं नावंच नावं चाललीत तुमची."

"माझंच," भार्गवीबाई म्हणाल्या. मग तिला समजावून सांगितलं. मी लिहिणार, लोक वाचणार, त्याला नाव पाहिजे.

चांगुणाला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण नावाचा मुद्दा तिनं बरोबर पकडला. "मंग तुमी का डोकं खपवताय? आईनं कदी नाव ठिवलंय व्हय? आत्याचा मान असतो त्यो. आमच्या अमृतचं नाव मला दुसरंच ठिवायचं हुतं. पर नणंद आली, पाळन्यात वाकली, अन् अमृत म्हनून मोकळी. मला कुनी इचारलं बी न्हाई." आणि ती कढई घासायला लागली.

ती निघून गेली, पण तिचं बोलणं मागं राहिलं. भार्गवीबाईंच्या लेकराची आत्या म्हणजे लीनाताई. जर लेकरू असतं तर.

एकदा दिवस राहिले होते. लग्नाला चार वर्षं झाली होती. पाचवा महिना लागला आणि एके सकाळी सगळं संपलं. लीनाताई अकोल्याहून धावत आल्या होत्या. महिनाभर राहिल्या, डिंकाचे लाडू केले, न्हाऊ घातलं, आणि त्या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. भार्गवीबाईही बोलल्या नाहीत. ज्या एका गोष्टीवर बोलायला हवं होतं, तिथं या बोलक्या बाईची वाचा बसली होती. पुढं पुन्हा दिवस राहिले नाहीत. पाळणा मात्र लीनाताईंनी आपल्या घरून आधीच आणून ठेवला होता, तो त्यांनी जाताना कुणाला न दिसेल असा परत नेला.

एवढी सोन्यासारखी नणंद. आणि तिच्याशी भार्गवीबाई तीन वर्षं बोलत नव्हत्या. केदाररावांच्या तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. भार्गवीबाई स्वयंपाकघरात होत्या आणि बाहेरच्या खोलीत लीनाताई कुणाला तरी सांगत होत्या, "केदारचं नाव त्याच्याबरोबरच गेलं हो. गंध्यांचं कुणी राहिलं नाही आता." भार्गवीबाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. इतकी वर्षं एका शब्दानं न बोललेली बाई आज चारचौघांत बोलली, ती ही अशी. तेव्हापासून दिवाळीला लीनाताईंचा फोन आला की "हो, नाही, बरं" एवढंच. पुढं पुढं तर फोन वाजून वाजून बंद होऊ दिला. लीनाताईंनीही मग करायचा सोडला. या भांडणाचा भार्गवीबाईंना त्रास होत नव्हता असं नाही. सगळ्यात जास्त आठवण त्यांना लीनाताईंचीच येई, आणि त्याचाच राग जास्त येई.

दुसऱ्या दिवशी दुपारी भार्गवीबाईंनी मोबाईल हातात घेतला आणि ठेवला. पुन्हा घेतला. आपण ब्लॉगच्या नावासाठी फोन करतोय, दुसरं काही नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. ते खोटं आहे हे त्यांना ठाऊक होतं. साक्षीदार खोटं बोलायला लागला की आधी घसा खाकरतो. तसा त्यांनी घसा खाकरला.

"हॅलो, लीनाताई. मी भार्गवी."

 पलीकडून घाबऱ्याघुबऱ्या आवाजात, "काय झालं? बरी आहेस ना? पडलीस का कुठं?"

"नाही हो, बरी आहे. मला एक नाव हवं होतं."

"कुणाचं नाव?"

"ठेवायला. मी... लिहायला घेतलंय काहीतरी. कॉम्प्युटरवर. त्याला नाव लागतं. मला सुचेना. चांगुणा म्हणाली, आईनं नाव ठेवायचं नसतं, आत्यानं ठेवायचं असतं. तर म्हटलं..." भार्गवीबाईंनी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला. "म्हटलं, आत्या तुम्हीच आहात."

 फोन कट झाला की काय, म्हणून भार्गवीबाईंनी तो कानापासून काढून पाहिला. चालू होता. मग लीनाताईंचा आवाज आला, शाळेत मास्तरीण होत्या तेव्हाचा, दम दिल्यासारखा. "फोनवर सांगतात होय नाव? काही रीत आहे की नाही? येते मी. शुक्रवारी येते."

शुक्रवारी भार्गवीबाई वेळेच्या कितीतरी आधी तारकपूर स्टँडवर जाऊन बसल्या. अकोल्याची गाडी लागली. लीनाताई उतरल्या त्या एका हातानं दांडा धरून, दुसऱ्या हातात डबा. तीन वर्षांत वाकल्या होत्या. बोलायला सुरुवात कुठून करावी हे दोघींनाही कळेना, म्हणून लीनाताई गाडीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "पाटीवर अहिल्यानगर लिहिलंय, आणि कंडक्टर आपला 'नगर, नगर' ओरडतोय. लोक नवं नाव बोलायला वेळ घेतात बाई."

"डब्यात काय आहे?"

"घुगऱ्या. बारशाला येतेय ना मी?"

 रिक्षात केडगाव येईपर्यंत लीनाताईंनी डबा मांडीवरून हलवला नाही.

घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, केदाररावांच्या फोटोसमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग पदर खोचून म्हणाल्या, "कुठाय?" भार्गवीबाईंनी टेबलावरच्या लॅपटॉपकडं बोट दाखवलं. लीनाताईंनी चष्मा लावून त्याच्याभोवती एक फेरी घातली. "याला कान कुठला?"

"ताई, काहीतरीच काय. नाव सांगा, मी टंकते."

"कान दाखव."

भार्गवीबाईंनी आवाज आत घेणारं ते बारीक भोक दाखवलं. लीनाताईंनी हळदीकुंकू मागितलं, लॅपटॉपच्या झाकणाला बोटं टेकवली आणि मोरीकडं बघून हाक मारली, "अगं ए चांगुणाबाई, हात पूस आणि ये. पाठीत बुक्के मारायला कुणी नको का?"

आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तेव्हा बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. आत्यानं नाव नीट सांगावं म्हणून म्हणा, की भावजयांना तेवढीच संधी मिळावी म्हणून म्हणा. चांगुणा ओले हात लुगड्याला पुसत आली आणि काही न विचारता मागं उभी राहिली. तिला हे सगळं अगदी रीतीचं वाटत होतं. लीनाताई वाकल्या. लॅपटॉपला तोंड लावून त्यांनी "कुर्र्र" केलं आणि काहीतरी पुटपुटलं. चांगुणानं दोन दणके दिले. भार्गवीबाईंचा हात वर गेला. तीन वर्षांचा राग होता त्यात, आणि तो बुक्का चांगला बसलासुद्धा. पण पाठीवर पडलेला हात त्यांना परत उचलवेना. तो तिथंच राहिला.

लीनाताई सरळ झाल्या तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते. "प्रवरा," त्या म्हणाल्या. "प्रवरा नाव ठेवलंय."

प्रवरा म्हणजे अकोल्याची नदी. केदारराव आणि लीनाताई तिच्या काठी वाढलेले.

"आत्ता गाडीत सुचलं?" भार्गवीबाईंनी विचारलं. उत्तर त्यांना कळून चुकलं होतं, तरी विचारलं.

"आधी सांगायचं नसतं गं नाव. पाळण्यात घालेपर्यंत आत्यानं कुणाला सांगायचं नसतं. मग सांगायचं राहूनच गेलं. केदारलासुद्धा सांगितलं नाही मी."

"आणि मुलगा झाला असता तर?"

"मुलाचं मी ठरवलंच नव्हतं," लीनाताई म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं. "तेराव्याला मी जे बोलले ते तू ऐकलंस, माहिती आहे मला. तुझा चेहरा दिसला होता. पण ते तुला नव्हतं गं. एकच भाऊ मला. सगळ्या जगाला नाती असतात, मला आत्या तेवढं कुणी म्हटलं नाही. नाव होतं माझ्याकडं, द्यायला कुणी नव्हतं. त्याचं रडू होतं ते."

 या घरात एवढ्या वर्षांत आपण एकट्याच मुकाट्यानं बसलो नव्हतो, दुसरीही कुणी बसली होती, हे भार्गवीबाईंना आज समजलं. आधी समजलं असतं तर तीन वर्षं वाचली असती, याचं वाईट वाटलं, आणि ते त्यांनी तिथल्या तिथं सांगूनही टाकलं. "मी फोन उचलायला हवा होता, ताई."

"हवा होता," लीनाताई म्हणाल्या. "घाल आता नाव."

भार्गवीबाईंनी टंकलं. प्रवरा. यंत्र जरा घुटमळलं आणि म्हणालं, हा पत्ता उपलब्ध नाही.

त्यांनी हात मागं घेतला. इतक्या वर्षांनी बाहेर आलेलं नाव, आणि तिथंही कुणाचा तरी रुमाल. लीनाताईंना त्यांनी कसंबसं समजावलं, की हे आधी कुणीतरी घेतलंय, चालायचं नाही. लीनाताईंचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

चांगुणा अजून मागंच उभी होती, घुगऱ्यांची वाट बघत. "मंग आईचं लावा की," ती म्हणाली. "मला तरी आमच्या आळीत कोन चांगुना म्हनतं? समदी अमृतची आईच म्हनत्यात."

लीनाताईंनी भार्गवीबाईंकडं पाहिलं. भार्गवीबाई लॅपटॉपकडं बघत होत्या.

"घाल," लीनाताई म्हणाल्या. "प्रवराची आई."

जन्मात ज्या बोटांची एक चूक निघाली नव्हती, ती बोटं दोनदा चुकली. तिसऱ्यांदा बरोबर उमटलं. यंत्र घुटमळलं. मग हिरवी खूण आली. हा पत्ता उपलब्ध आहे. एवढ्या मोठ्या जगात ते नाव कुणी घेतलेलं नव्हतं, त्यांच्यासाठी रिकामं होतं. भार्गवीबाईंनी तोंडावर पदर धरला आणि पस्तीस वर्षांपूर्वी रडायचं राहिलेलं त्या दिवशी रडून घेतलं. लीनाताईंनी त्यांना रडू दिलं. चांगुणानं घुगऱ्या आपल्या हातानं वाढून घेतल्या.

लीनाताई दोन दिवस राहिल्या आणि गेल्या. घरी यजमानांचे, शामकांतरावांचे, गुडघे धरलेत, त्यांना एकटं किती दिवस ठेवायचं? ब्लॉग वाचाल ना, असं भार्गवीबाईंनी स्टँडवर विचारलं तर म्हणाल्या, "मोतीबिंदू पिकलाय माझा. मला कुठलं वाचता येतंय. तू लिही." गाडी सुटली. भार्गवीबाई परतल्या, दार उघडलं, आणि घर होतं तसंच होतं.

त्यांनी पहिला लेख लिहिला. शपथ नाही, वय नाही, धंदा नाही. गळक्या कॉकचीच गोष्ट लिहिली, अगदी सुतळीपर्यंत. प्लंबरचं वाक्य आलं तिथं पुन्हा एकट्याच हसल्या. 'प्रसिद्ध करा'वर बोट ठेवलं. त्यानंतर रोज सकाळी चहा झाला की उघडून बघू लागल्या. कुणी काही म्हटलेलं नसे. लेखाखाली पांढरी जागा, आणि तिथं एक वाक्य, की अजून कुणाचीही प्रतिक्रिया नाही. नाव मिळालं म्हणून ऐकणारा मिळतो असं थोडंच आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. तरी सकाळी बघायचं काही सोडलं नाही.

आठवडा उलटून गेला असेल. मेथी निवडता निवडता त्यांनी सवयीनं लॅपटॉप उघडला. पांढऱ्या जागेत काहीतरी होतं. वर नाव, लीना. आणि खाली, कुणाकडून तरी वाचून घेऊन, एकेक बोटानं शोधून शोधून टंकलेलं असणार, एवढंच एक अक्षर:

"हं."

भार्गवीबाईंनी मेथी बाजूला सारली, खुर्ची पुढं ओढली आणि पुढचं सांगायला घेतलं.